द्रवाचा अपवर्तनांक : मोजलेला आकडा आणि जुळवलेला आकडा



बँकेच्या खिडकीमागे नोटा मोजणाऱ्या माणसाने भौतिकशास्त्राच्या प्रयोगावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत. आम्ही शिकलो त्या शाळेत प्रयोगाचे साहित्य काचेच्या कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होते. प्रयोग फळ्यावर होत आणि निरीक्षणे शेजाऱ्याच्या वहीतून उतरून घेतली जात. ‘पाण्याचा अपवर्तनांक १.३३’ हे आम्ही परीक्षेत लिहिले, त्याचे गुणही मिळवले. पण तो आकडा आपल्यालाही मोजता येतो, हे कळायला आम्हाला वयाची चाळिशी ओलांडावी लागली.

निमित्त घडले ते आपल्या अभ्यासिकेत. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी बारावीची चार-पाच मुले प्रयोगवही पूर्ण करायला बसली होती. त्यांत एक मुलगी अशी, की तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले आणि ती आजीजवळ राहून शिकणारी. वस्तीतील एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी आपला जुना अंतर्गोल आरसा आणला होता. त्या दिवशी जे घडले ते सांगण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

अपवर्तनांक म्हणजे काय?

प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. पाण्यात त्याची चाल मंदावते आणि सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर होते. तीन लाखांना सव्वादोन लाखांनी भागले की १.३३ येतात. हाच पाण्याचा अपवर्तनांक. चाल बदलली की तिरपा येणारा किरण वाकतो. त्यालाच अपवर्तन म्हणतात. ग्लिसरीनचा आणि शेंगदाणा तेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास असतो, म्हणजे त्यांत प्रकाश आणखी मंद चालतो.

किरण वाकल्यामुळे तळ वर आल्यासारखा दिसतो. चार मीटर खोल पाणी सरळ वरून पाहिले तर तीन मीटरच वाटते. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणारी पोरे या दिसण्यावर विश्वास ठेवून फसतात. तेव्हा हा विषय केवळ पुस्तकातला नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

किरण किती वाकतो याचा नियम बगदादच्या इब्न सहल या विद्वानाने इ. स. ९८४ च्या सुमारास मांडला होता. पुढे १६२१ मध्ये हॉलंडच्या स्नेल यांनी तोच स्वतंत्रपणे शोधला आणि जगाने त्यांचे नाव नियमाला दिले.

प्रयोगाची कृती

शाळेत हा अंक काढण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांतली सर्वांत स्वस्त रीत अंतर्गोल आरशाची. साहित्य एवढेच : एक अंतर्गोल आरसा, एक उभा स्टँड, एक लांब टाचणी, मोजपट्टी आणि ज्याचा अंक काढायचा तो स्वच्छ द्रव.

आरसा जमिनीवर तोंड वर करून ठेवावा. टाचणी स्टँडला आडवी लावावी आणि तिचे टोक आरशाच्या मध्यावर येईल असे करावे. आता वरून एका डोळ्याने पाहावे. आरशात टाचणीची उलटी प्रतिमा दिसते. टाचणी हळूहळू वर-खाली करावी. एका ठिकाणी टाचणीचे टोक आणि प्रतिमेचे टोक एकमेकांना भिडतात. डोळा डावी-उजवीकडे हलवला तरी दोन्ही टोके जोडीने हलतात, वेगळी होत नाहीत. तीच खरी जागा. तेथून आरशापर्यंतचे अंतर मोजावे. ही आरशाची वक्रता त्रिज्या. आमच्या आरशाची ती ४० सेंटिमीटर होती.

मग आरशाच्या खोलगट भागात थोडे पाणी घालावे. अशा लहान आरशात ते मध्यभागी जेमतेम तीन मिलिमीटर राहते. पुन्हा टोके भिडवून अंतर मोजावे. पाण्यामुळे किरण वाकतात, म्हणून टाचणी आता खाली, सुमारे ३० सेंटिमीटरवर आणावी लागते. पहिल्या अंतराला दुसऱ्या अंतराने भागावे. ४० भागिले ३० म्हणजे १.३३. झाला अपवर्तनांक!

आकडा चुकला तेव्हा

इतके सोपे, असे वाटून मुलांनी हात घातला. अभ्यासिकेची फरशी थोडी उतरती. आरशातले पाणी एका बाजूला सांडू लागले. तेव्हा एका मुलाने आरसा स्टीलच्या थाळीत ठेवला आणि वरून तांब्याभर पाणी ओतले. टोके भिडवली. अंतर आले ३०.८ सेंटिमीटर. भागाकार आला १.३०.

पुस्तकात १.३३ आहे. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने खोडरबर घेतले, ३०.८ खोडले आणि ३०.० लिहिले. उत्तर जुळले. ती मुलगी मात्र आमच्याकडे वळून म्हणाली, “काका, शेवटी पुस्तकातलाच आकडा लिहायचा असेल, तर मोजायचं कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला भौतिकशास्त्रातून देता येत नव्हते, पण आमच्या नोकरीतून देता येत होते. संध्याकाळी बँकेत रोकड मोजली आणि ती वहीशी जुळली नाही, तर वहीत खाडाखोड करून जुळवणारा कारकून एका दिवसापुरता सुटतो आणि कायमचा अडकतो. रोकड जुळत नाही म्हणजे कुठेतरी काहीतरी घडले आहे. ते शोधायचे असते. आम्ही मुलांना म्हटले, “३०.८ परत लिहा. तीच तुमची खरी रोकड आहे. आता फरक कुठे गेला ते शोधू.”

शिक्षकांनी थाळीत पट्टी उभी केली. पाणी आरशाच्या मध्यावर तीन सेंटिमीटर खोल होते! तीन मिलिमीटरच्या जागी तीन सेंटिमीटर. सरांनी समजावले : “किरण वाकतो तो पाण्याच्या पृष्ठभागावर. पाणी पातळ थरात असेल तर पृष्ठभाग आणि आरसा जवळजवळ एकच, म्हणून अंतर आरशापासून मोजले तरी चालते. थर जाड असेल तर अंतर पृष्ठभागापासूनच धरले पाहिजे.” मग दोन्ही अंतरांतून तीन-तीन सेंटिमीटर वजा केले. ४० चे झाले ३७ आणि ३०.८ चे झाले २७.८. भागाकार आला १.३३.

आकडा तोच आला. पण खोडरबराने आलेला १.३३ आणि शोधून आलेला १.३३ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मुले काही शिकली नसती. दुसऱ्यात अपवर्तन नेमके कुठे होते, हे त्यांना जन्मभरासाठी कळले. (जाता जाता एक सूचना : आरसा थाळीत बुडवू नये. पाठीला पाणी लागले की कलई सुटते. सरांचा आरसा थोडक्यात वाचला.)

साखरेचे पाणी आणि उसाचा रस

पुढच्या रविवारी साखरेचे पाणी केले. २० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम पाणी, म्हणजे शंभरात वीस. टाचणी २९.३ सेंटिमीटरवर आली, अंक १.३६५. कोष्टकात अशा द्रावणाचा अंक २० अंश सेल्सिअसला १.३६४ दिला आहे. साखर विरघळली की अपवर्तनांक वाढतो, आणि बऱ्यापैकी नियमाने वाढतो : शंभरात एक भाग साखर वाढली की साधारण ०.००१५ ने.

या नियमावरच साखर उद्योगातील ‘ब्रिक्स’ मोजण्याची रीत उभी आहे. ब्रिक्स हे एकोणिसाव्या शतकातील एका जर्मन शास्त्रज्ञाचे नाव. एक ब्रिक्स म्हणजे शंभर भाग द्रावणात एक भाग साखर. रसात साखरेबरोबर क्षार वगैरेही विरघळलेले असतात आणि तेही या मापात धरले जातात. म्हणून ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे. निव्वळ साखर ठरवायला कारखान्याची प्रयोगशाळा दुसरे यंत्र वापरते.

आता प्रामाणिकपणे हिशेब करू. आमच्या आरशाच्या प्रयोगात एका मिलिमीटरची चूक झाली तर अंक सुमारे ०.००४५ ने चुकतो. म्हणजे तीन ब्रिक्स! ऊस १८ चा की २० चा, हे हा आरसा सांगू शकत नाही. आपले साधन किती बारीक पाहू शकते, हे सांगणे हाही मोजण्याचाच भाग आहे.

शिवाय उसाचा रस गढूळ. त्यातून आरशात टाचणी दिसणार नाही. या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. जर्मनीतील येना येथील अर्न्स्ट आबे यांनी अशा उपकरणाचे वर्णन १८७४ मध्ये प्रसिद्ध केले. काचेच्या लोलकावर द्रवाचा एक थेंब पसरायचा. ठराविक कोनापलीकडे प्रकाश जाऊ शकत नाही, म्हणून दृष्टिक्षेत्राचा अर्धा भाग उजळ आणि अर्धा काळोखा दिसतो. मधली रेघ कुठे पडते, ते द्रवाच्या अपवर्तनांकावर ठरते. थर अगदी पातळ असल्याने गढूळ रसही चालतो. मुठीत मावणारे असे उपकरण आज अनेक ऊस उत्पादकांकडे असते.

आमच्या बँकेच्या एका खातेदार शेतकऱ्याने ते एका दिवसापुरते दिले. एकाच उसाचे तीन तुकडे घेतले. मोजण्याआधीच ती मुलगी म्हणाली, “बुडखा गोड निघेल, शेंडा पांचट.” आईवडिलांबरोबर फडात गेलेल्या मुलीला हे जिभेने ठाऊक होते. उपकरणाने सांगितले : बुडख्याला २०, मध्ये १९, शेंड्याकडे १६. ऊस पूर्ण पक्व होतो तेव्हा खालच्या आणि वरच्या कांड्यांतला हा फरक कमी होत जातो. ऊस जमिनीलगत का तोडायचा आणि वाढे जनावरांना का जाते, याचेही उत्तर या तीन आकड्यांत आहे.

तापमानाकडेही लक्ष हवे. द्रव तापला की अपवर्तनांक उतरतो. साधे उपकरण २० अंश सेल्सिअसला जुळवलेले असते. आपल्याकडे फेब्रुवारीच्या दुपारी रस ३० अंशांवर असेल, तर वाचन सुमारे पाऊण ब्रिक्सने कमी येते आणि तेवढे मिळवावे लागते. काही उपकरणे ही दुरुस्ती स्वतःच करतात. आपले उपकरण कोणत्या जातीचे, ते आधी पाहून घ्यावे.

तुपाच्या परीक्षेतही अपवर्तनांकाचेच माप लागते. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या दुधापासून केलेल्या तुपाचे वाचन वेगळे येते, म्हणून कापूसपट्ट्यासाठी नियमांत वेगळी मर्यादा ठेवावी लागली. आकडा वेगळा आला म्हणजे लगेच भेसळ, असे म्हणता येत नाही. तो का वेगळा आला, हे आधी विचारावे लागते.

हे कोणी शिकावे?

केंद्र शासनाने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यास ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा संपूर्ण कारखान्याचा धरतात. तरी त्या दशांशाच्या एका घरावर टनामागे ३४ रुपये ६० पैसे हलतात. तोडणाऱ्या कोयत्याला मात्र मजुरी वजनावर मिळते. रसातल्या आकड्याशी त्याचा संबंध येत नाही, आणि त्याच्या मुलांचा संबंध प्रयोगशाळेशी येत नाही. कारण शाळेत प्रयोग होतात त्याच महिन्यांत टोळी फडात असते.

या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या; २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ही कामे मोठी आहेत. आपल्या अभ्यासिकेला झेपेल असे एक लहान काम आम्ही सभासदांपुढे ठेवतो : एक अंतर्गोल आरसा, एक स्टँड, एक हातातला रिफ्रॅक्टोमीटर आणि एक उष्णतामापी. हंगाम संपवून चैत्रात परतणाऱ्या मुलाला आपला बुडालेला प्रयोग येथे स्वतःच्या हाताने करता यावा. कपाट हवे, पण कुलूप नको.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे. निरीक्षण पेनने लिहा, म्हणजे खोडता येणार नाही. प्रत्येक अंतर तीनदा मोजा. आम्ही नोटाही एकदाच मोजत नाही. आकडा पुस्तकाशी जुळला नाही तर घाबरू नका आणि जुळवू नका. थाळीत पाणी किती आहे, ते आधी पाहा.