कानातली बाळी आणि काकांची काळजी

प्रश्न : माझा १७ वर्षांचा मुलगा कानात बाळी आणि फुलाफुलांचा गुलाबी कुर्ता घालतो. दीर म्हणतात, ‘पोरगा बायल्या होईल.’ त्याला अडवू का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, अडवू नका. दिरांना पेशवाईतल्या पुरुषांची चित्रं दाखवा : कानात मोत्यांची भिकबाळी, गळ्यात कंठा. मर्दानीपणाची शंका कुणाला आली नाही! पुढे बालगंधर्व रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे, तेव्हा त्यांची साडी नेसायची ढब घरंदाज बायका उचलायच्या. म्हणजे बायकांची फॅशन ठरवत होता एक पुरुष. आणि नऊवारीचा कासोटा तरी धोतराहून किती वेगळा?

कुर्त्याच्या रंगावरून मुलाचा लैंगिक कल कळत नाही. समजा तो वेगळा असलाच, तरी पोशाखातून स्वतःची लिंगओळख व्यक्त करणं हा घटनादत्त हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांच्या हक्कांवरील २०१४ च्या ‘नालसा’ निकालात म्हटलं आहे.

कॉलेजात कुणी चिडवतं का, हे मात्र त्याला सहज विचारा. घरात टोमणा आला तर त्याच्यादेखतच दिरांना थांबवा. मागाहून समजूत काढून फारसा उपयोग होत नाही. कान नुकताच टोचला असेल तर बाळी सोन्याची घ्या, हलक्या धातूनं कान पिकू शकतो.