मधपेटी केव्हा उघडावी आणि हात केव्हा आवरावा

घराच्या परसात अथवा शेताच्या बांधावर दोन-चार मधपेट्या ठेवून हौसेने मधमाश्या पाळणारे शेतकरी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, कोकणात आणि आता देशावरही ठिकठिकाणी आढळतात. घरापुरता शुद्ध मध मिळावा आणि शेतातील कारळा, सूर्यफूल, कांद्याचे बी, काकडीवर्गीय वेली यांची फलधारणा सुधारावी, असा दुहेरी हेतू त्यामागे असतो. हा छंद अल्प खर्चाचा व आनंददायक आहे. परंतु नवशिक्या मधपाळास प्रथमच एक अडचण येते. एक अनुभवी मनुष्य त्यास पेटी दर आठवड्यास उघडून पाहावयास सांगतो, तर दुसरा पेटीस हात लावू नये असे बजावतो. एकाच्या मते साखरेचा पाक दिल्याशिवाय माश्या पावसाळ्यात जगत नाहीत. दुसऱ्याच्या मते पाक पाजणे हीच मूळ चूक होय. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे खरे. तथापि या मतभेदांच्या मुळाशी माशीचा स्वभाव, ऋतू व परिसरातील फुलोरा ही कारणे असतात. ती समजून घेतल्यास कोणता सल्ला कोणत्या वेळी लागू पडतो याचा उलगडा होतो. प्रस्तुत लेखात सातेरी मधमाशीच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

सातेरी माशीचा स्वभाव

आपल्याकडे आग्या, फुलोरी, सातेरी व पोयाची माशी या मधमाश्या निसर्गतः आढळतात. आग्या व फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्यांना पेटीत पाळता येत नाही. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा वारुळात एकमेकांस समांतर अशी अनेक पोळी बांधते. म्हणून ती पेटीत राहू शकते. दोन पोळ्यांमध्ये माश्या ये-जा करण्यापुरती ठराविक जागा सोडतात. ही जागा न बुजवता चौकटी सुट्या ठेवल्या तर पोळे न मोडता बाहेर काढता येते. हे सूत्र अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली पेटीच्या रचनेत उपयोगात आणले व आधुनिक मधुमक्षिकापालनाचा पाया घातला. दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी १९१०च्या सुमारास सातेरीच्या आकारमानास साजेशी लहान पेटी तयार केली. आपल्या राज्यात महाबळेश्वर परिसरात हा व्यवसाय रुजला आणि १९६२ साली पुणे येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले.

चौकट बाहेर काढता येते, याचा अर्थ ती वारंवार काढावी असा नव्हे. सातेरी ही मानी माशी आहे. उपासमार, मुंग्यांचा त्रास, मेणकिड्याचा उपद्रव किंवा माणसाची अतोनात ढवळाढवळ झाल्यास ती पिलावा व पोळी सोडून सगळ्या वसाहतीसह निघून जाते. मोठ्या व शांत युरोपीय माशीसंबंधीच्या पुस्तकांतील नियम तिला जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

पहिला मतभेद : तपासणी किती वेळा करावी

वारंवार तपासणी करावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, दोष लवकर ध्यानात आला तर इलाज सोपा पडतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, पिलाव्याच्या जागी माश्या सुमारे ३३ ते ३५ अंश सेल्सियस तपमान राखतात; पेटी उघडली की ते बिघडते, धुराने माश्या गोंधळतात आणि कामाचा खोळंबा होतो. दोन्ही म्हणणी खरी आहेत. फरक ऋतूचा आहे.

फुलोरा वाढत असताना आणि वसाहत फुटण्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा थोडक्यात पाहणी करणे इष्ट होय. भर पावसाळ्यात आकाश निरभ्र असेल त्या दिवशी केवळ तळपाट स्वच्छ करावा, पोळ्यावर मेणकिड्याची जाळी नाहीत एवढे पाहावे व पेटी मिटावी. इतर वेळी पेटीच्या दाराशी पाच मिनिटे उभे राहिल्यानेही पुष्कळ कळते. माश्या पायांवर परागाच्या गोळ्या भरभरून आणत असतील तर आत पिलाव्याचे संगोपन चालू असल्याचे ते चांगले लक्षण होय. दारात मेलेली पिले, मेणाचा भुगा किंवा माश्यांची झटापट दिसली तरच पेटी उघडावी.

दुसरा मतभेद : राणीघरे मोडावीत की ठेवावीत

वसाहत भरभराटीस आली, आत दाटी झाली की माश्या पोळ्यांच्या खालच्या कडेस भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबती राणीघरे बांधू लागतात. पहिले राणीघर बंद होण्याच्या सुमारास जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते. हिलाच वसाहत फुटणे असे म्हणतात. मध हवा असणारा मधपाळ यामुळे हवालदिल होतो. म्हणून अनेक पुस्तकांत, राणीघरे दिसताच ती सर्व मोडून टाकावीत, असा सल्ला आढळतो. दुसरा पक्ष म्हणतो की फुटणे हा माशीचा वंशवृद्धीचा मार्ग आहे. त्यास अडवू नये.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली चूक येथे नमूद करणे उपयुक्त होईल. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या परसातील एकुलती एक पेटी मी तपासली. पोळ्यांच्या कडेस पाच-सहा बंद राणीघरे दिसली. वसाहत आता फुटणार असे समजून मी ती सर्व चाकूने कापून काढली. म्हातारबाबांनी एवढेच म्हटले की, माश्या मागच्या आठवड्यापेक्षा कमी दिसतात. त्यांच्या बोलण्याकडे मी लक्ष दिले नाही. वस्तुस्थिती अशी होती की वसाहत सहा-सात दिवसांपूर्वीच फुटून गेलेली होती. जुनी राणी गेली होती. नवी राणी व्हावयाची ती मी कापलेल्या घरांतच होती, आणि जिच्यापासून दुसरी राणी करता येईल अशी कोवळी अळीही पोळ्यात उरली नव्हती. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा एकेका कोठडीत तीन-तीन, चार-चार अंडी अस्ताव्यस्त पडलेली आढळली. ती कामकरी माश्यांनी घातलेली होती. त्यांपासून केवळ नरच निपजतात. पुढे मेणकिड्याने पोळी ताब्यात घेतली व पेटी रिकामी झाली. म्हातारबाबांनी दोष दिला नाही, पण त्यांनी पुन्हा माश्या ठेवल्या नाहीत. सल्ला पुस्तकातील होता. पाहणी मात्र अपुरी होती.

यावरून पुढील नियम ध्यानात घ्यावा. राणीघराला हात लावण्यापूर्वी कोठड्यांत ताजी अंडी आहेत की नाहीत, हे उजेडाकडे पाठ करून पाहावे. पहिल्या दिवसाचे अंडे कोठडीच्या तळाशी उभे असते व तिसऱ्या दिवसापर्यंत आडवे होते. उभी अंडी दिसली तर राणी नुकतीच तेथे होती असे निश्चित समजावे. अंडी मुळीच नसतील तर राणीघरे हीच वसाहतीची एकमेव ठेव आहे असे मानून चांगली भरदार अशी एक-दोन राणीघरे अवश्य राखावीत.

राणी असून वसाहत बळकट असेल तर राणीघरे मोडत बसण्यापेक्षा विभाजन करणे अधिक हितावह होय. राणी व निम्म्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालाव्यात. मूळ जागी एक-दोन उत्तम राणीघरे, पिलावा, मध व पराग असलेल्या चौकटी ठेवाव्यात. मात्र विभाजनास तीन गोष्टी अवश्य पाहिजेत : सात-आठ चौकटी भरून माश्या, परिसरात फुलोरा आणि उडते नर. सातेरीच्या नरकोठडीच्या टोपणास मध्यभागी बारीक छिद्र असते. त्यावरून नरांचा पिलावा ओळखता येतो. नवी राणी बाहेर आल्यावर सुमारे दोन आठवडे ती पेटी उघडू नये. या काळात राणी मीलनासाठी बाहेर उडते व नंतर अंडी घालू लागते. येथे हात आवरणे हीच मशागत होय.

तिसरा मतभेद : पाक द्यावा की मध ठेवावा

घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा अशा वृक्षांपासून उत्तम मध मिळतो आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा तर पर्वणीच असते. त्या वेळी सगळा मध काढून घ्यावा व पावसाळ्यात साखर द्यावी, असा हिशेब कित्येक जण करतात. मध महाग व साखर स्वस्त, हे उघड आहे. याउलट काहींच्या मते माश्यांना त्यांच्याच मधावर जगू द्यावे. पाकात पराग नसतो, तेव्हा पिलांचे पोषण त्याने होत नाही.

मध्यम मार्ग असा. मध फक्त वरच्या मधकोठीतून, बहुतेक कोठड्या मेणाने बंद झालेल्या चौकटींतूनच काढावा. खालच्या कोठीतील मध माश्यांचा समजावा. कच्चा मध काढल्यास त्यात पाण्याचे प्रमाण जास्त राहते व तो आंबतो; विक्रीच्या मधात पाणी शेकडा २० हून अधिक नसावे असा नियम आहे. पावसाची झड लांबली व साठा संपत आला तर साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्यावा. थेंबही बाहेर सांडू देऊ नये, नाही तर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटालूट करतात आणि मुंग्या येतात. मधाच्या हंगामात मात्र पाक कदापि देऊ नये. तो मधकोठीत साठतो, आणि तो मध म्हणून विकणे ही भेसळ होय.

चौथा मतभेद : रोगावर औषध की निवड

१९९१-९२ साली दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा संहार केला. या रोगात अळी कोशात न जाता पाणी भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. पुष्कळ मधपाळ अशा वेळी जंतुनाशक औषधे पाकातून पाजतात. विषाणूवर त्यांचा उपयोग होत नाही, उलट मधात औषधाचा अंश उतरतो. रोगट पेटीतील चौकट दुसऱ्या पेटीत घालू नये, हत्यारे स्वच्छ करावीत, वसाहत आटोपशीर ठेवावी आणि ज्या वसाहतींना रोग झाला नाही किंवा ज्या त्यातून सावरल्या त्यांच्यापासूनच पुढील विभाजन करावे. आपण बियाणे राखताना रोगट कणीस बाजूस काढतो, तोच हा न्याय.

युरोपीय मेलिफेरा माशी १९६०नंतरच्या दशकात पंजाबात यशस्वीपणे रुजली व नंतर इतरत्र पसरली. ती मध अधिक देते, परंतु तिला भरपूर व सलग फुलोरा लागतो, त्यासाठी पेट्यांचे स्थलांतर करावे लागते आणि व्हरोआ नावाच्या कोळी-किडीचा बंदोबस्तही करावा लागतो. सातेरी ही त्या किडीची मूळ आश्रयदाती असून तिला तोंड देण्यास ती समर्थ आहे. परसात दोन पेट्या ठेवणाऱ्या हौशी शेतकऱ्यास सातेरीच अधिक सोयीची होय.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. नवशिक्यास एक नव्हे, दोन पेट्या ठेवण्यास सांगावे. एका बैलाने औत चालत नाही. एका पेटीतील राणी गेली तर दुसरीतील अंडी असलेली निरोगी चौकट देऊन ती वाचविता येते.

२. प्रत्येक पेटीसाठी लहान वही ठेवावी. तारीख, अंडी दिसली की नाही, राणीघरे, साठा व परिसरात काय फुलले आहे एवढेच लिहावे. दोन वर्षांची अशी नोंद ही त्या गावापुरती सर्वांत विश्वसनीय मार्गदर्शिका ठरते.

३. पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारू नये. फवारणी अटळ असेल तर ती माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी व शेजारच्या मधपाळास आदल्या दिवशी कळवावे.

४. सल्ला देण्यापूर्वी पेटीच्या मालकास दोन प्रश्न विचारावेत : मागील आठवड्यात काय दिसले, आणि आज त्यात काय फरक वाटतो? रोज दारात बसून माश्या पाहणाऱ्या माणसाचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे व मगच चाकू हातात घ्यावा.