घरातली यंत्रे आणि आपली लिपी

द्वितीय वर्ष, कला

विज्ञानाने माणसाचे घर बदलून टाकले, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधांत लिहीत आलो आहोत. परंतु घरात येणारी सगळी यंत्रे एका जातीची नसतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. पंखा, मिक्सर, प्रेशर कुकर यांना भाषा लागत नाही. पंख्याचा रेग्युलेटर एकपासून पाचपर्यंत फिरवता आला, कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या, की काम भागते. मोबाइल, संगणक, नव्या पद्धतीचा दूरचित्रवाणी संच ही यंत्रे मात्र वेगळी आहेत. ती पडद्यावर काही लिहितात, प्रश्न विचारतात आणि आपल्या उत्तराची वाट पाहतात. ते लिहिलेले वाचता आले नाही, तर यंत्र हातात असूनही त्याचा निम्मा उपयोग होत नाही. म्हणून अशा यंत्रांच्या बाबतीत लिपीचा प्रश्न किमतीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. आपली लिपी यंत्रात कशी आली, तीत मराठीला कोणती जागा मिळाली आणि पुढचे काम कोणाचे, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला केवळ आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ नावाची अशी एक यादी ठरली. तीत मोठ्या लिपीतील ‘ए’ला ६५ हा क्रमांक आहे. या यादीत एकूण १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राच्या काही आज्ञा यांतच त्या संपल्या. देवनागरीला तेथे जागा नव्हती.

यावर अनेकांनी एक तोडगा काढला. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे चित्र बसवायचे. पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच राही. ज्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल, तेथे तो उघडला की अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. त्यात शब्द शोधता येत नसे, अकारविल्हे यादीही लावता येत नसे. अशा रीतीने टंकलिखित केलेले कितीतरी मराठी लेखन आजही फॉन्ट हाती नसल्यामुळे वाचता येत नाही.

खरा उपाय म्हणजे आपल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणे. या कामात भारतीय संशोधकांचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये भारतीय लिप्यांसाठी संशोधन झाले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने ते पुढे नेले आणि संगणकात बसवण्याचे ‘जिस्ट’ कार्ड तयार केले. ‘इस्की’ नावाची भारतीय लिप्यांची यादीही त्याच काळात आकाराला आली. तिला भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. भारतातील बहुतेक लिप्या ब्राह्मीपासून निघालेल्या असल्यामुळे सर्वांच्या ‘क’ला एकच क्रमांक द्यावा, असे तिचे तत्त्व होते. १९९१ सालीच जगातील सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ ही यादी प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ सालच्या ‘इस्की’वर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक मिळाले. ‘क’चा क्रमांक २३२५ आणि ‘म’चा २३५०. आज कोल्हापुरात लिहिलेले पत्र लंडनमध्ये जसेच्या तसे वाचता येते, ते या क्रमांकांमुळे.

परंतु देवनागरीला जागा मिळाली म्हणजे मराठीचे सगळे प्रश्न सुटले, असे नाही. हिंदी, नेपाळी, संस्कृत आणि मराठी यांची लिपी एक असली तरी गरजा सारख्या नाहीत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना बोलवा’ असे लिहिले तर गुरुजी येतील आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ असे लिहिले तर स्वयंपाकी येतील. हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. त्यासाठी यंत्राला ‘र’ (२३५२) आणि ‘ऱ’ (२३५३) असे दोन निराळे क्रमांक वापरावे लागतात. ‘बॅट’मधला स्वर शब्दाच्या आरंभी आला, म्हणजे ‘ॲ’ लिहायचा असला, तर पूर्वी ‘ए’वर किंवा ‘अ’वर चंद्र काढून वेळ मारून न्यावी लागे. या अक्षराला युनिकोडमध्ये २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला, त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान दिले आणि ‘ल’, ‘श’ यांची मराठी वळणेही सांगितली. तरीही अनेक मोबाइलवर या दोन अक्षरांची हिंदी वळणेच दिसतात. तात्पर्य, यंत्रातली लिपी आपोआप सुधारत नाही. ती भाषा जाणणाऱ्या कोणीतरी मागणी करावी लागते, पाठपुरावा करावा लागतो.

आणखी एक गोष्ट हिशेबाची आहे. मोबाइलच्या साध्या संदेशात १४० बाइट एवढी जागा असते. इंग्रजी अक्षर सात बिटांत मावते, म्हणून एका संदेशात १६० अक्षरे बसतात. देवनागरी चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून ७० चिन्हेच बसतात. त्यातही ‘म्हणून’ हा आपल्याला तीन अक्षरांचा वाटणारा शब्द यंत्राच्या लेखी सहा चिन्हांचा आहे: म, हलन्त, ह, ण, ऊकार आणि न. म्हणजे तोच मजकूर मराठीत पाठवायचा तर पुष्कळदा दोन-तीन संदेशांचा खर्च येतो. मोठमोठ्या संस्थांचे संदेश इंग्रजीत का येतात, याचे एक कारण येथे असावे असे वाटते.

याचा परिणाम काय होतो, ते आमच्यासारख्या घरांत दिसते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आई मराठी वर्तमानपत्र वाचते, इंग्रजी वाचत नाही. बँकेचे संदेश तिच्या मोबाइलवर इंग्रजीत येतात आणि मी घरी जाईपर्यंत तसेच राहतात. ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका’ ही सूचनासुद्धा इंग्रजीतच असते. ज्यांना फसवणुकीचा धोका अधिक, त्यांनाच सावधगिरीची सूचना वाचता येत नाही. आता हा दोष यंत्राचा म्हणता येणार नाही. मोबाइलमध्ये सर्व २२ अनुसूचित भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे भारतीय मानक २०१६ सालीच ठरले आहे. पडदा मराठी दाखवायला तयार आहे. लिहिणाऱ्याने मराठीत लिहिले पाहिजे, एवढेच उरले आहे.

आणि लिहिणाऱ्यांत आपणही आलो. आपल्यापैकी बरेच जण मित्रांना मराठी मजकूर रोमन अक्षरांत पाठवतात. त्यात ‘मन’ आणि ‘मण’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांतला फरक नाहीसा होतो. ज्या आईवडिलांना रोमन अक्षरे येत नाहीत, त्यांना तो संदेश वाचताच येत नाही.

देवनागरीत लिहिणे अवघडही नाही. १९८६ साली ठरलेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक आज जवळजवळ प्रत्येक संगणकात असतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘जे’च्या कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ‘ऱ’ येतो. ‘एन’वर ‘ल’ आणि शिफ्टसह ‘ळ’. ‘डी’ची कळ हलन्ताची. ज्यांना टंकलेखन जमत नाही, त्यांच्यासाठी बोलून लिहिण्याची सोय आहे. गूगलने २०१७ साली तीत मराठीचा समावेश केला.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला, त्याचा आपणा सर्वांना आनंद झाला. त्या आनंदाला थोड्या कामाची जोड हवी. विद्यार्थी मित्रांनी एक संध्याकाळ काढून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलची भाषा मराठी करून द्यावी आणि त्यांच्याशेजारी बसून ती शिकवावी. बँकेत, कार्यालयात संदेश मराठीत मिळावेत असा अर्ज त्यांच्या नावाने लिहून द्यावा. मराठी विभागातील प्राध्यापकांना विनंती अशी की, आपल्या वार्षिकाच्या जुन्या अंकांचे जे लेखन अशा जुन्या फॉन्टमध्ये अडकले असेल, ते युनिकोडमध्ये आणण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे. आम्ही ते आनंदाने करू.