गर्भवतीसाठी मॅग्नेशियम : फवारा, लेप की भाकरी?

गर्भारपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर रात्री झोपेत पोटरीत गोळा येणे ही बहुतेक स्त्रियांच्या ओळखीची तक्रार आहे. यावर उपाय म्हणून अलीकडे औषधांच्या दुकानांतून 'मॅग्नेशियम ऑइल', त्याचे फवारे, मलमे आणि पाय बुडवण्यासाठी एप्सम सॉल्ट मिळते. आपल्या वस्त्यांतील शिकलेल्या मुलीही आता त्याविषयी विचारू लागल्या आहेत. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. परंतु तथागतांनी कालामांना जो मार्ग सांगितला, म्हणजे ऐकीव आहे, जुने आहे किंवा कुणी मोठ्याने सांगितले आहे म्हणून न स्वीकारता स्वतः पारखून घेण्याचा मार्ग, त्याच मार्गाने या विषयाची तपासणी करता येते.

मॅग्नेशियम म्हणजे काय?

मॅग्नेशियम हे शरीराला आवश्यक असे खनिज आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे 25 ग्रॅम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बरेचसे स्नायू व इतर पेशींत, तर रक्तात एक टक्क्याहूनही कमी असते. स्नायू आखडणे व सैल पडणे, मज्जातंतूंचे काम आणि अन्नापासून शक्ती तयार होणे या साऱ्यांत त्याचा वाटा आहे. अमेरिकेतील शिफारशीनुसार 19 ते 50 वयाच्या गर्भवतीस रोज 350 ते 360 मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते.

त्वचेतून ते आत जाते का?

'मॅग्नेशियम ऑइल' हे मुळात तेल नसतेच. ते मॅग्नेशियम क्लोराइडचे पाण्यातील दाट द्रावण असून हाताला तेलकट लागते, एवढेच. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यावरून त्याला हे नाव पडले.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर हा शरीराचा तट आहे. पाण्यात विरघळलेले क्षार त्यातून सहजासहजी आत जात नाहीत. 2017 साली या विषयावरील उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्वचेवाटे पुरेसे मॅग्नेशियम शरीरात जाते या दाव्याला शास्त्रीय आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पोटात घ्यायच्या गोळ्यांनी तरी गर्भवतीच्या पायाचे गोळे थांबतात काय? 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात त्याविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आढळले.

मग फवारा मारून बरे का वाटते? पोटरी चोळल्याने व कोमट पाण्याने स्नायू सैल होतो, हे त्याचे एक साधे कारण असू शकते. तेवढ्यासाठी महागड्या बाटलीची गरज नाही. असा फवारा लावलाच तर त्वचेची आग किंवा खाज होऊ शकते. जखमेवर तो लावू नये आणि पाय बुडवायचे पाणी फार गरम नसावे. एप्सम सॉल्ट पोटात घेतल्यास जुलाब होतात, म्हणून गर्भवतीने ते मनाने कधीही पिऊ नये.

मॅग्नेशियम जेथे खरोखर प्राण वाचवते

याच मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन मात्र प्रसूतिशास्त्रातील मोलाचे औषध आहे. गर्भारपणात रक्तदाब वाढून काही स्त्रियांना आकडी येते आणि त्यात माता व बाळ दोघेही दगावू शकतात. 1995 साली भारतासह अनेक देशांत झालेल्या चाचणीत आकडी पुन्हा येऊ नये यासाठी हे औषध इतर प्रचलित औषधांपेक्षा सरस ठरले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत 33 देशांतील सुमारे 10 हजार स्त्रिया होत्या. या इंजेक्शनाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाला, असे तीत दिसले. हे औषध मोजून, श्वास, लघवी व गुडघ्याचा झटका तपासत दवाखान्यातच देतात, कारण प्रमाण वाढल्यास श्वास मंदावतो.

येथेच खरा धोका दडलेला आहे. 'इंजेक्शनाने आकडी थांबते, मग फवाऱ्यानेही थांबेल' असा समज झाला, तर सुजलेल्या पायांवर फवारा मारत बसण्यात मोलाचा वेळ जाईल. शिरेतून किंवा स्नायूतून दिलेले औषध आणि कातडीवर मारलेला फवारा यांची बरोबरी होऊ शकत नाही.

काय करावे?

1. पोटरीत गोळा आल्यास गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे आपल्याकडे ओढावीत, पोटरी हलकेच चोळावी, थोडे चालावे.
2. बाजरी, ज्वारी, नाचणी, शेंगदाणे, तीळ, कडधान्ये व पालेभाज्या यांत मॅग्नेशियम भरपूर असते. मैदा व पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळात ते कमी होते. आपली जुनी भाकरी ही गरिबीची खूण नसून पोषणाचा ठेवा आहे.
3. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅग्नेशियमची गोळी घेऊ नये.
4. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा 140/90 वा त्याहून अधिक रक्तदाब असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आकडी आल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
5. एकाच पायाला सूज, लाली व सतत दुखणे असल्यास तो साधा गोळा नसून रक्ताची गुठळी असू शकते. असा पाय चोळू नये, तात्काळ दाखवावा.

2016 पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. संस्थेच्या महिला मंडळाने त्या दिवशी वस्तीतील प्रत्येक गर्भवतीस सोबत घेऊन जावे. रक्तदाब मोजायला दोन मिनिटे लागतात, पण त्याने दोन जीव वाचू शकतात.

1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी गर्भवतीच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्रहिताशी जोडला होता. तिची काळजी ही एकट्या घराची बाब नाही, ही त्यामागची दृष्टी होती. बाटलीवरील जाहिरातीपेक्षा ताटातील भाकरी, वेळेवरची तपासणी आणि डोळस विचार यांवर भर देणे हेच त्या दृष्टीला धरून होईल.

जय भीम!