दोन वेगांच्या रॅम एकत्र चालतात का?

शाळेतला किंवा घरातला जुना संगणक रखडू लागला की 'रॅम वाढवा' असा सल्ला मिळतो. मग माजिवड्याहून कोणी थेट लॅमिंग्टन रोड गाठतं आणि दुकानात प्रश्न पडतो : आधीची स्टिक २४०० ची, ही ३२०० ची, चालेल का?

बहुतेक वेळा चालते, पण दोन्ही २४०० नेच. तीन पायांच्या शर्यतीत जोडी हळू पळणाऱ्याच्या वेगाने जाते ना, तसंच. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते. तिला झेपणारे वेग त्यात नोंदवलेले असतात. संगणक सुरू होताना मदरबोर्ड ते वाचतो आणि दोघींना जमेल असा वेग ठरवतो. म्हणून नुसत्या वेगासाठी जादा पैसे मोजू नका. क्षमता मात्र वाढते : ४ जीबीला ८ जीबी जोडली की १२. मुलांच्या कामात खरा फरक पडतो तो यानेच.

पिढी वेगळी असेल तर मात्र काहीच जमत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८. खाचही वेगळ्या जागी. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉटच तुटेल. (लॅपटॉपची स्टिक तर आखूडच असते.)

खरेदीआधी विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. शक्यतो त्याच वेगाची, त्याच कंपनीची स्टिक घ्या. आणि नाही जुळली तर बदलून देणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधीच विचारा.