नाणेघाटाला जाताय? आधी हे वाचा

नाणेघाट, जुन्नर, कुकडीचं खोरं यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती आम्हाला तिकडे नेणाऱ्या आयोजकाविषयी. त्याचं नाव इथे देत नाही, पण त्याची पद्धत सांगणार आहे. पावसाळा सरत आला की घणसोलीपासून ऐरोलीपर्यंत सगळ्या ग्रुपवर अशाच सहलींच्या जाहिराती फिरू लागतात.

आमच्या जाहिरातीत होतं: ‘सातवाहन वारसा अभ्यास सहल’. नाणेघाटाचं लेणं, पूर गावचं कुकडेश्वर मंदिर, तुळजा लेणी, लेण्याद्री, सोबत तज्ज्ञ मार्गदर्शक आणि घाटघरला गावातल्या घरी जेवण. माणशी 2800 रुपये, सगळे आगाऊ. मी फोन करून एकेक ठिकाण विचारलं, कुठे किती वेळ ते विचारलं, मेसेजवर लिहूनही घेतलं. हे मुद्दाम सांगते, कारण परत आल्यावर गावात ‘आधी चौकशी करायला नको का’ असं मलाच ऐकवलं गेलं.

आमच्या मंडळातल्या बायकांना मी आग्रहाने तयार केलं होतं, त्यामागे कारण होतं. आपण खाडीकाठची माणसं. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला रांजण आजही आहे. जकात त्यात टाकत असं सांगतात. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. शिवनेरीच्या आणि मानमोडीच्या लेण्यांत तर यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. समुद्रापलीकडच्या लोकांचा या खोऱ्याशी किती जवळचा संबंध होता, हे तिथे दगडावर लिहिलेलं आहे.

प्रत्यक्षात काय झालं? माळशेजला फोटोंसाठी गाडी दीड तास उभी. नाणेघाटाच्या लेण्यात मात्र वीस मिनिटं. ‘तज्ज्ञ’ म्हणून आलेला मुलगा कॉलेजात शिकणारा, आदल्या रात्री मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवणारा. भिंतीवरचा लेख म्हणजे जकातीचा हिशेब, असं त्याने सांगून टाकलं. तो लेख राणी नागनिकेचा आहे. तिने आणि सातकर्णी राजाने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची ती ब्राह्मी लिपीतली नोंद आहे. त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांपैकी मानले जातात. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता नुसती पावलं उरली आहेत. वर नावं मात्र कोरलेली आहेत, सिमुक सातवाहनापासून. मी हे सांगू लागले तेव्हा आयोजक मागून ओरडला, “चला चला, जेवण थंड होतंय.” त्या मुलावर माझा राग नाही. ज्याने त्याला तिथे उभं केलं त्याच्यावर आहे.

खरा प्रकार कळला तो घाटघरला. जेवण सुरेख होतं: तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा. पण पहिली पंगत उठली आणि टोपल्यात भाकरी नव्हती. घरातली ताई घाईघाईने पुन्हा चुलीपाशी बसली. पीठ मळायला कोणी नाही म्हणून मी परात ओढली. तिला वीस माणसांचा निरोप होता, आम्ही चाळीसच्या वर. मी दिलगिरी व्यक्त केली तेव्हा ती हळूच म्हणाली, “ताई, तुमच्याकडनं जेवणाचं किती घेतलं?” जाहिरातीत जेवणाचे 400 रुपये वेगळे दाखवले होते, ते मी सांगितलं. तिचे हात परातीतच थांबले. तिला ताटामागे 80 ठरले होते, आणि आधीच्या सहलीचे अजून यायचे होते.

तिचा मुलगा शेजारीच लाकडं फोडत होता. तुळजा लेणीचा रस्ता बंद आहे म्हणून ते ठिकाण गाळल्याचं आम्हाला गाडीत सांगितलं होतं. तो म्हणाला, “मी सकाळीच पाडळीवरनं आलो की.” म्हणजे तो रस्ता उघडाच होता. बारा अष्टकोनी खांबांचं गोल चैत्यगृह, वर घुमटासारखं छत, असं लेणं सहसा पाहायला मिळत नाही. मी आले होते ते मुख्यतः त्यासाठी. तेही गेलं, आणि अंधार पडतोय म्हणून कुकडेश्वरही गाडीच्या खिडकीतून.

आयोजकाला सगळ्यांसमोर विचारलं, तर म्हणाला, “ताई, असं गावातल्यांना परस्पर विचारायचं नसतं. तुमच्यामुळे बाकीच्यांचा मूड जातो.” दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं. पैशांबद्दल आजतागायत उत्तर नाही. त्या ताईची बाकी चुकती केली का, या प्रश्नालाही नाही.

म्हणून जाणाऱ्यांना सांगते.

पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. अर्धे आधी, उरलेले शेवटचं ठिकाण पाहून झाल्यावर. ज्याला हे चालत नाही त्याच्याबरोबर जाऊ नका.

मार्गदर्शकाशी निघण्याआधी स्वतः बोला. नाणेघाटाचा लेख कोणाचा, एवढं विचारलं तरी पुरे.

आयोजकाची गरजही नाही. कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नरला एसटी जाते. जुन्नरात मुक्काम करा आणि तिथूनच जीप ठरवा. नाणेघाट तिथून साधारण 30 किलोमीटर. एका दिवसात सगळं कोंबू नका. लेण्याद्रीला पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच चढावं.

विजेरी न्या. उजेड समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकला की अक्षरं उठून दिसतात. अक्षरांवर खडू फिरवू नका, पाणी ओतू नका. आमच्यातल्या एकाने बाटली उघडली होती, मी हात धरला. लेण्यांत आग्या मोहोळं असतात. धूर आणि आरडाओरडा टाळा. भर पावसात माळशेजला दरडी पडतात, आधी विचारून निघा. पाणी, औषधं, टोपी जवळ ठेवा.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला ठाणे जिल्ह्यात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. जाहिरात, मेसेज, पैसे भरल्याचा पुरावा यातलं काही पुसू नका. माझी तक्रार नोंदवलेली आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. त्याचा फायदा घाटघरसारख्या गावांपर्यंत पोचायचा असेल तर तो आपल्याच हातून पोचेल. जा, लेणी मनसोक्त पाहा, आणि जेवणाचे पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातात द्या.