सिगारेट सोडताय? पहिल्या पंधरवड्याचा खर्च असा मांडा

सिगारेट सोडायची म्हटलं की औषधांचा खर्च आधी डोळ्यांपुढे येतो. टपरीवर जाणारे पैसे मात्र दहा-वीस करत सुटतात, म्हणून जाणवत नाहीत. तेव्हा आधी तेच मोजा. एक सिगारेट २० रुपयांची धरली तर रोजच्या दहांचे २०० रुपये, महिन्याचे ६,००० आणि वर्षाचे ७३,००० होतात. तुमच्या ब्रँडचा भाव वेगळा असेल तर तो घाला. सोबतचा कटिंग आणि तोंडाचा वास लपवायला घेतलेली मिंटची गोळीही त्यात धरा.

तलफ किती वेळ टिकते?

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे शेवटच्या झुरक्यानंतर काही तासांतच शरीर कुरकुर सुरू करतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत जड जातो. चिडचिड होते, झोप मोडते, लक्ष लागत नाही, भूक वाढते, पोट साफ होत नाही. दोन ते चार आठवड्यांत यातलं बहुतेक ओसरतं. एकेक तलफ मात्र पाच-दहा मिनिटांत उतरते, मग तुम्ही सिगारेट ओढा किंवा ओढू नका. खर्च करायचा तो एवढी मिनिटं निभावण्यासाठी.

एक रुपयाही न लागणारे उपाय

राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ हा नंबर टोल-फ्री आहे आणि सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. फोनवर समुपदेशक बोलतात आणि सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय या सेवेच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक आहे. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दंत महाविद्यालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा.

चहा-कॉफी निम्म्यावर आणा. धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा लवकर करतं. धूर थांबला की तोच चहा जास्त चढतो, आणि छातीत धडधड, अस्वस्थता, झोप न येणं याचं खापर आपण सिगारेट सोडण्यावर फोडतो. शिवाय चहा आणि सुट्टा ही जोडी तोडायची तर पहिले आठ दिवस चहा टपरीवर नको, ऑफिसात किंवा घरीच घ्या.

शंभर रुपयांच्या आतले

तलफ आली की हाताला आणि तोंडाला काम लागतं. बडीशेप, लवंग, वेलदोडा, दालचिनीची काडी, भाजलेले चणे, गाजर-काकडी यांतलं काहीही खिशात-डब्यात ठेवा. सुपारी मात्र नको. तंबाखू नसली तरी तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो.

निकोटिनची गम: पैसे इथे घाला

२ मिलिग्रॅमची गम औषधाच्या दुकानात सहसा चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमची डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. एक गम साधारण १० ते १५ रुपयांना पडते. पाकिटावरची छापील किंमत पाहूनच घ्या. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारा.

बरेच जण ती च्युइंगमसारखी भराभर चघळतात. मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि 'हिचा काही उपयोग नाही' म्हणून पाकीट फेकलं जातं. खरी पद्धत अशी: सावकाश चावा, तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबा आणि गम गालात दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावा, जागा बदला. एक गम अर्धा तास पुरते. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक टाळा, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

पॅच आणि गोळ्या

पॅच दिवसभर सारख्या प्रमाणात निकोटिन देतो, पण गमपेक्षा खर्च वाढतो. बुप्रोपिऑन किंवा व्हरेनिक्लिनसारख्या गोळ्या फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या आणि सोडण्याच्या तारखेआधी आठवडाभर सुरू करायच्या; त्यासाठी तपासणीची फीही धरा. हृदयविकार असेल, गर्भारपण असेल किंवा थिओफिलिनसारखं औषध चालू असेल तर गम घेण्याआधीही डॉक्टरांशी बोला.

इथे पैसे घालवू नका

ई-सिगारेटची विक्री २०१९ पासून देशात बेकायदा आहे. 'हर्बल' सिगारेटमध्ये तंबाखू नसली तरी धूर, टार आणि कार्बन मोनॉक्साइड असतोच. सिगारेट सोडून तंबाखू-चुना किंवा मावा धरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. हमखास सुटेल अशी जाहिरात करून हजारो रुपये आगाऊ मागणाऱ्यांपासूनही लांब राहा.

पंधरवड्याचा ताळेबंद

दहा सिगारेटींच्या हिशेबाने चौदा दिवसांचे २,८०० रुपये जातात. रोज दहा गम, एक १२ रुपयांची धरली तर १,६८० होतात. खिशातल्या सुक्या खाऊचे १०० धरले तरी हजार रुपये उरतात. गमचा कोर्स मात्र पंधरा दिवसांत संपत नाही, साधारण बारा आठवडे चालतो आणि गम हळूहळू कमी करायची असते. तेव्हा उरलेले हजार पुढच्या पाकिटांसाठी बाजूला ठेवा.

आणि मध्येच एखादी ओढली गेली तर गम थांबवू नका, नवीन तारखेची वाट पाहू नका, मुख्य म्हणजे अख्खं पाकीट विकत घेऊ नका. पुढची तलफ येईल तेव्हा गम तोंडात टाका आणि हेल्पलाइनला फोन लावा.